जहाज पाण्याबाहेर येते तेव्हा

पोलादी जहाजाचा पाण्याखालचा भाग दोन कारणांनी खराब होतो. खाऱ्या पाण्याने पत्रा गंजतो आणि त्याच पत्र्यावर समुद्री जीव वस्ती करतात. आधी बुळबुळीत थर चढतो, त्यावर शेवाळ धरते आणि मग टणक कवचाचे बार्नेकल चिकटून बसतात. तळ असा खरखरीत झाला की पाणी त्याला जास्त अडवते. पूर्वीचाच वेग राखायला इंजिनाला अधिक तेल जाळावे लागते. सुकाणूच्या बिजागऱ्या, पंख्याचा दांडा, समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपा हे भाग झिजत असतात ते वेगळेच. यांच्या दुरुस्तीची बहुतेक कामे जहाज पाण्यात असताना करता येत नाहीत.

म्हणून जहाजाला ठरावीक काळाने पाण्याबाहेर यावेच लागते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांनुसार मालवाहू जहाजाच्या तळाची पाहणी पाच वर्षांत किमान दोनदा झाली पाहिजे आणि दोन पाहण्यांमध्ये छत्तीस महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. काही जहाजांना यांतली एक पाहणी पाणबुड्यांकरवी, पाण्यातच उरकण्याची सवलत मिळते. प्रवासी जहाजांचा तळ दरवर्षी तपासला जातो. ही तपासणी वर्गीकरण संस्थांचे सर्वेक्षक करतात. भारतात हे काम करणारी ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही संस्था १९७५ साली स्थापन झाली असून तिचे मुख्यालय मुंबईत पवईला आहे. सर्वेक्षकाने प्रमाणपत्र दिले नाही, तर जहाजाला विमा मिळत नाही आणि मालही मिळत नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. शिरूर आणि दौंड तालुक्यांतले साखर कारखाने गळीत हंगाम संपला की उघडून ठेवले जातात. रोलर बाहेर निघतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंप आणि साखळ्या दुरुस्त होतात. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवायचा आणि पुढे मोळी टाकायची, ही तारीख डोळ्यांसमोर ठेवून सारी कामे आखलेली असतात. तो मुहूर्त हुकला तर शिवारात ऊस उभा राहतो. जहाजाचेही असेच असते, पण कारखान्याला जे काही महिने मिळतात त्याऐवजी जहाजाला बहुधा दोन-तीन आठवडेच मिळतात. गोदीत उभे असलेले जहाज भाडे कमावत नाही. खलाशांचा पगार, कर्जाचे व्याज आणि विमा मात्र चालूच राहतो. त्यामुळे दुरुस्ती-गोदी जहाजमालकाला पत्रा आणि रंग विकत असली, तरी त्याची नजर दिवसांवर असते. बंदरात अशी गोदी उभारताना घेतलेला प्रत्येक निर्णय शेवटी या दिवसांपाशी येऊन थांबतो.

जहाज वर काढण्याच्या रीती

जहाज कोरडे करण्याच्या रूढ रीती चार आहेत. सर्वांत साधी म्हणजे उतार. किनाऱ्यावरून पाण्यात गेलेल्या उतरत्या फरशीवर रूळ असतात. त्यांवरच्या गाड्यावर जहाज बसवून ते विंचने वर ओढतात. कोकणात पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत होड्या वाळूवर ओढून, तळ खरवडून रंगवल्या जातात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. उताराची गोदी हे त्याच पद्धतीचे यांत्रिक रूप आहे. टग, बार्ज आणि मच्छीमार नौकांना ती पुरते.

दुसरी रीत सुक्या गोदीची. किनाऱ्यात खोदलेल्या लांबट हौदाला समुद्राच्या बाजूने दरवाजा असतो. हौदात पाणी असताना जहाज आत येते, दरवाजा लागतो, पंप पाणी उपसतात आणि जहाज तळाशी रचलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकते. मोठ्या जहाजांसाठी ही सर्वांत भरवशाची रीत आहे. तिचा दोष एकच. आतल्या जहाजाचे काम लांबले, तर बाहेरच्याला थांबावे लागते.

तिसरी रीत तरंगत्या गोदीची. हा पोकळ भिंतींचा एक मोठा तराफा असतो. टाक्यांत पाणी भरले की ही गोदी बुडते, जहाज तिच्यावर येऊन उभे राहते आणि टाक्या रिकाम्या केल्या की जहाजासकट वर येते. किनाऱ्यावर खोदकाम लागत नाही आणि गरज पडल्यास ती दुसऱ्या बंदरात ओढूनही नेता येते. मात्र तिचा स्वतःचा तळही गंजतो आणि तिच्याखाली खोल पाणी कायम लागते.

चौथी रीत जहाज-उचल यंत्राची. पाण्यात बुडवता येणारा एक भक्कम मंच दोन्ही बाजूंच्या तारदोरांच्या यंत्रांनी एकसारखा वर खेचला जातो. वर आलेले जहाज मंचासकट तिथेच अडकून पडत नाही. ते रुळांवरून बाजूच्या कामाच्या जागेवर सरकवले जाते आणि मंच पुढच्या जहाजासाठी मोकळा होतो. एका यंत्रावर अनेक जहाजे एकाच वेळी जमिनीवर ठेवता येतात आणि एकाचा उशीर दुसऱ्याला भोवत नाही. मध्यम आकाराच्या जहाजांची गर्दी असलेल्या बंदरांत नव्या गोदीसाठी ही रीत अनेकदा निवडली जाते, त्याचे कारण हेच.

भरतीच्या जोरावर उभी राहिलेली मुंबई

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जहाजदुरुस्तीची परंपरा इंग्रजांच्या आधीपासून आहे. शिवाजी महाराजांच्या आरमाराची बांधणी कल्याण, भिवंडी, पेण या खाडीकाठच्या ठिकाणी सुरू झाली. विजयदुर्गाच्या वर, वाघोटणच्या खाडीत आंग्रेकालीन गोदीचे अवशेष आहेत. सुमारे साडेतीनशे फूट लांबीची ही जागा खडक तासून आणि दगडी भिंत बांधून तयार केलेली होती. उघड्या समुद्राच्या लाटांपासून दूर, खाडीच्या आत, पण भरतीचे पाणी पोचेल अशी जागा तेव्हाच्या लोकांनी हेरली होती. गोदीसाठी जागा निवडण्याचा नियम आजही यापेक्षा फार वेगळा नाही.

ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आधी सुरतेत बांधली आणि दुरुस्त केली जात. १७३६ साली कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला मुंबईत आणले. १७५० साली मुंबईत सुकी गोदी तयार झाली. ती आशियातली पहिली सुकी गोदी मानली जाते. हे काम मुंबईतच साधले याला निसर्गाची साथ होती. उधाणाच्या वेळी मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार ते पाच मीटरपर्यंत फरक पडतो. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचे, ही सोय इतर अनेक बंदरांत नव्हती. वाफेचे पंप येण्यापूर्वीच्या काळात ती लाखमोलाची होती. पुढे १८१० च्या सुमारास गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाची आणखी मोठी गोदी तयार झाली.

याच गोद्यांत वाडिया घराण्याने मलबारच्या सागवानाची जहाजे ब्रिटिश नौदलासाठी बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. जहाजबांधणीतून मुंबईचे नाव झाले, पण गोदीचे रोजचे पोट दुरुस्तीवरच भरत होते. लाकडी जहाजाच्या फटींत पुन्हा दोर व राळ ठोसणे, लाकूड पोखरणारा समुद्री किडा येऊ नये म्हणून तळाला तांब्याचे पत्रे मारणे ही कामे वारंवार निघत. माझगावला १७७४ पासून लहान गोदी होती. तिचीच परंपरा सांगणारी ‘माझगाव डॉक’ ही कंपनी १९३४ साली नोंदली गेली आणि १९६० साली सरकारने ती ताब्यात घेतली.

जुन्या गोद्या आरमाराच्या होत्या. व्यापारी बंदराची व्यवस्था १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे आली. १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, अशा बंद पाण्याच्या धक्का-गोद्या एकामागून एक उभ्या राहिल्या. त्यांना जोडून दुरुस्तीसाठी १८९१ साली मेरीवेदर आणि १९१४ साली ह्यूजेस अशा दोन सुक्या गोद्या झाल्या. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या मातीने समुद्रात भर घालून बॅलार्ड इस्टेटची जमीन तयार झाली.

ह्यूजेस गोदी एक हजार फूट लांब आणि शंभर फूट रुंद आहे. मेट्रिक मापात ३०४.८ मीटर बाय ३०.४८ मीटर. ती पूर्ण झाली त्याच वर्षी पनामा कालवा खुला झाला. त्याच्या जलपाशांची लांबीही एक हजार फूट, रुंदी मात्र एकशे दहा फूट. पुढे जगभरची मालवाहू जहाजे पनामातून जाता यावीत म्हणून सुमारे ३२.३ मीटर रुंदीपर्यंत बांधली जाऊ लागली. ‘पनामॅक्स’ म्हणून ओळखला जाणारा हा मोठा वर्ग मुंबईच्या गोदीत मावेना. दोन बांधकामांच्या रुंदीतल्या दहा फुटांनी मुंबईचे गिऱ्हाईक ठरवून टाकले. दगडी भिंतींची गोदी लांबवता येते, खोल करता येते, पण रुंद करणे जवळजवळ नवी बांधण्याइतकेच खर्चिक असते. गोदी शंभर वर्षे टिकते, म्हणून तिची रुंदी आजच्या जहाजांवरून ठरवली की पुढच्या पिढ्यांना ती पुरत नाही.

जागेची निवड आणि पायाचे गणित

चालत्या व्यापारी बंदरात दुरुस्तीची जागा काढणे ही तडजोडच असते. मालाच्या धक्क्यांना लागते तेच खोल आणि शांत पाणी गोदीलाही लागते. दुरुस्तीला येणारे जहाज बहुधा रिकामे असते, त्यामुळे मालाने भरलेल्या जहाजाइतकी खोली त्याला लागत नाही. म्हणून बंदरातला जुना, उथळ झालेला आणि मोठ्या कंटेनर जहाजांना निरुपयोगी ठरलेला भाग दुरुस्तीला देणे शहाणपणाचे ठरते. मुंबईत हेच झाले. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतला माल भरलेले कंटेनर आता तिकडे जातात. मुंबईच्या जुन्या गोद्यांवरचा मालाचा भार ओसरला आणि दुरुस्तीसाठी जागा मोकळी झाली.

जागा निवडताना गाळ मोजावा लागतो. मुंबईच्या बंदरात गाळ सतत साचतो. दरवाज्याच्या उंबऱ्यावर तो बसला तर दरवाजा नीट लागत नाही, म्हणून उपसा हा गोदीचा कायमचा खर्च आहे. त्याशिवाय जहाज वळवायला पुरेसे पाणी, गोदीत शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर थांबायला धक्के, क्रेन फिरायला जागा, पत्रा व पाइप ठेवायला आवार आणि कार्यशाळा हे सारे लागते. बरीचशी दुरुस्ती जहाज तरंगत असताना धक्क्यावरच होऊ शकते. एका सुक्या गोदीमागे असे तीन-चार धक्के असतील तर गोदीतले दिवस फक्त तळाच्या कामासाठी राखता येतात.

सुक्या गोदीच्या पायाचे गणित सामान्य इमारतीच्या उलट चालते. इमारत खाली खचेल याची चिंता असते. रिकामी गोदी वर उचलली जाईल याची भीती असते. पाणी उपसल्यावर गोदी म्हणजे जमिनीत रुतलेली एक रिकामी होडी असते आणि भोवतालच्या भूजलाचा दाब तिची फरशी खालून वर ढकलतो. त्यावर तीन उपाय आहेत. फरशी एवढी जाड आणि जड करायची की दाब तिला हलवू शकणार नाही, ती खडकात नांगरायची, किंवा फरशीखाली पाझर-नळ्या घालून पाणी सतत पंपाने काढायचे. मुंबईच्या नौदल गोदीत विमानवाहू जहाजांसाठी समुद्रातच भर घालून बांधलेल्या सुक्या गोदीचे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये उद्घाटन झाले. ती २८१ मीटर लांब, ४५ मीटर रुंद आणि सुमारे १७ मीटर खोल आहे. तिच्यात पाच लाख टनांच्या आसपास काँक्रीट ओतले गेले. इतक्या वजनाची गरज का पडते ते वरच्या हिशोबातून कळते.

पंपांची क्षमताही दिवसांशी बांधलेली असते. ह्यूजेस गोदीएवढ्या हौदात दहा मीटर पाणी धरले, तर ते सुमारे ९३ हजार घनमीटर, म्हणजे नऊ कोटी लिटरांहून जास्त भरते. उन्हाळ्यात शिरूरच्या टंचाईग्रस्त गावांना जाणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या नऊ हजारांहून अधिक खेपा होतील एवढे हे पाणी काही तासांत बाहेर काढावे लागते.

गोदीतले पंधरा दिवस

गोदीतले काम जहाज येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मालक कामांची यादी पाठवतो. कुठला पत्रा बदलायचा, किती चौरस मीटर तळ रंगवायचा, कोणत्या झडपा उघडायच्या हे त्यात नोंदलेले असते. गोदीचा अंदाजपत्रक विभाग प्रत्येक कामाला दर आणि दिवस लावतो. जहाजाच्या तळाचा आराखडा पाहून गोदीच्या फरशीवर ठोकळे रचले जातात. खाली काँक्रीट किंवा पोलाद आणि वर लाकडाची गादी असते. ठोकळे जहाजाच्या कण्याखाली आणि आतल्या मजबूत पडद्यांच्या रेषेतच यावे लागतात. ते पडद्यांच्या मधल्या पोकळ जागी आले तर पत्रा आत दबतो. काही इंचांची चूकही महाग पडते.

गोदीप्रवेशाचा सर्वांत नाजूक क्षण पाणी उतरताना येतो. जहाजाचे मागचे टोक आधी ठोकळ्यांना टेकते आणि पुढचे अजून तरंगत असते. अशा वेळी जहाजाचा काही भार ठोकळ्यांवर जातो आणि त्याची तोल सांभाळण्याची शक्ती कमी होते. टाक्यांमधले पाणी आधीच नीट वाटून जहाज जवळजवळ सपाट आणि सरळ केलेले नसेल, तर ते याच क्षणी कलू शकते. म्हणून गोदीप्रमुख उपसा हळू ठेवतो, पाणबुडे ठोकळ्यांची जागा तपासतात आणि दोन्ही बाजूंचे दोर एकाच वेळी ताणले किंवा सोडले जातात. जहाज पूर्ण टेकल्यावरच पंप पूर्ण वेगाने चालतात.

पाणी गेले की दिवस मोजायला सुरुवात होते. तळ ओला असतानाच वेगवान पाण्याच्या फवाऱ्याने धुतला जातो, कारण बार्नेकल वाळले की ते काढायला दुप्पट कष्ट पडतात. मग सर्वेक्षक येतो. ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्राने पत्र्याची जाडी जागोजागी मोजली जाते. झीज नियमातल्या मर्यादेपलीकडे गेली की तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो. ही मर्यादा जहाजाच्या भागानुसार बदलते, पण मूळ जाडीचा पाव हिस्सा गेला म्हणजे पत्रा बदलण्याची वेळ आली, असे ढोबळमानाने म्हणता येईल. नांगराच्या साखळ्या गोदीच्या फरशीवर पसरून त्यांच्या कड्या मोजल्या जातात. सुकाणू उतरवतात, पंखा घासतात, दांड्याच्या वेष्टणाची झीज तपासतात, गंज स्वतःवर ओढून घेणारे जस्ताचे तुकडे नवे बसवतात.

यादीतली कामे वेळेत होतात. वेळापत्रक मोडते ते यादीबाहेर निघालेल्या कामांमुळे. रंग खरवडल्यावर खाली सडका पत्रा दिसतो, पंख्याच्या दांड्याला चीर आढळते. चांगली गोदी अशा कामासाठी पत्रा, वेल्डर आणि दोन दिवस राखून ठेवते. न राखणारी गोदी मालकाला मुंबईत बसवून सुट्या भागाची वाट पाहायला लावते. शेवटी रंगाचे थर येतात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत रंग चढवणे अवघड असते, कारण ओलसर पत्र्यावर थर धरत नाही. त्यामुळे शक्य असेल तिथे मोठे रंगकाम पावसाळा टाळून घेतात.

गोदीच्या भिंतीबाहेरची गोदी

दुरुस्तीचे काम वर्षभर एकसारखे नसते. आज दोन जहाजे आली तर चारशे माणसे लागतात, उद्या गोदी रिकामी असते. म्हणून गोदीचा कायमचा ताफा छोटा असतो आणि वेल्डर, फिटर, रंगारी, साफसफाईचे कामगार कंत्राटदारांमार्फत येतात. हे शक्य होण्यासाठी गोदीभोवती कौशल्याची वस्ती लागते. मुंबईत ती आहे. माझगावपासून रे रोड आणि दारूखान्यापर्यंतच्या पट्ट्यात जुन्या जहाजांतून निघालेल्या पितळी झडपा, साखळ्या, दोर, पंप यांची दुकाने आणि लेथवर काम करणारी छोटी वर्कशॉप दाटीने बसलेली आहेत. एखाद्या वीस वर्षांच्या जहाजाच्या पंपाचा भाग कंपनी आता बनवत नसेल, तर तो इथे कुणाकडे तरी मिळतो किंवा एका रात्रीत कातून दिला जातो.

ही वस्ती बंदरापुरती मर्यादित नसते. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. त्याच वर्षी ५ एप्रिलला कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन झाला. वालचंदांच्याच प्रयत्नांतून १९४१ साली विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. समुद्रापासून दूर, उसाच्या रानात वसलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात साखरेची यंत्रे बनली आणि पुढे नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्सही बनले. मोठे दातेरी चक्र कातण्याचे कौशल्य उसाच्या रोलरला लागते तसेच जहाजाच्या पंख्यालाही लागते. शिरूर-दौंडच्या आयटीआयमध्ये फिटर किंवा वेल्डर म्हणून शिकलेल्या मुलाला गोदीत काम मिळू शकते, पण पाण्याखालच्या पत्र्याच्या वेल्डिंगसाठी त्याला वर्गीकरण संस्थेची वेगळी चाचणी द्यावी लागते. गोदीच्या आराखड्यात प्रशिक्षणशाळेला जागा असावी लागते ती यासाठी.

आग, कोंडलेली हवा आणि तळाची घाण

दुरुस्तीतले अपघात दोन जागी जास्त होतात: जिथे ठिणगी आणि तेल एकत्र येते तिथे आणि जिथे हवा कोंडलेली असते तिथे. तेलाच्या टाकीत वायू उरलेला नाही असे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय तिच्याजवळ कटर पेटवता येत नाही. पत्र्याच्या पलीकडच्या खोलीत काय आहे तेही पाहावे लागते, कारण उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते. तिथे ठेवलेले लाकूडसामान किंवा केबल पेटू शकते. २१ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीसाठी असलेल्या ‘ब्रह्मपुत्र’ या युद्धनौकेला आग लागली. आग आटोक्यात आल्यानंतर नौका एका कुशीवर कलली आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. आग विझवताना ओतलेले पाणी जहाजात वरच्या मजल्यांवर साचले की तोल बिघडतो, म्हणून पाणी बाहेर काढण्याची तयारी अग्निशमनाइतकीच महत्त्वाची असते.

बंद टाकीतला धोका डोळ्यांना दिसत नाही. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाते. महिनोन्महिने बंद राहिलेल्या, वरवर स्वच्छ आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत प्राणवायू इतका कमी उरलेला असतो की आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. उतरण्याआधी हवा खेळवणे, यंत्राने प्राणवायू मोजणे आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवणे हे नियम याच अनुभवातून आले.

तळावरून खरवडलेला रंग आणि गंज समुद्रात गेला तर बंदराचे पाणी बिघडते. जुन्या रंगांत बार्नेकल मारण्यासाठी कथिलाची विषारी संयुगे असत. ती मासे आणि शिंपल्यांनाही बाधू लागली. त्यामुळे २००१ साली आंतरराष्ट्रीय करार होऊन २००८ पासून त्यांच्यावर बंदी आली. आज सुक्या गोदीचा सांडपाण्याचा मार्ग वेगळा ठेवून रंगाचा चोथा, तेलकट पाणी आणि फवारणीची वाळू गोळा करावी लागते. नव्या गोदीत ही सोय बांधकामातच केली तर स्वस्त पडते. जुन्या गोदीत ती नंतर घालणे जड जाते.

गिऱ्हाईक, करार आणि कर

गोदी बांधण्याआधी गिऱ्हाईक मोजावे लागते. गोव्यात मांडवी आणि झुआरीच्या काठी लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या दुरुस्तीच्या अनेक जागा होत्या. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा बार्जेस नांगरून पडल्या. एकाच मालावर अवलंबून राहिलेल्या दुरुस्ती व्यवसायाला याचा फटका बसणे अटळ होते. मुंबईचे गिऱ्हाईक मिश्र आहे. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्राला सामान पोचवणाऱ्या नौका, गाळ काढणारी जहाजे, टग, तटरक्षक दल, किनारी तेलवाहू जहाजे ही सगळी शंभर फुटांच्या गोदीत मावतात आणि दरवर्षी येतात. मोठी पनामॅक्स जहाजे येऊ शकत नाहीत, ही उणीव या नेहमीच्या गिऱ्हाइकाने बरीचशी भरून निघते.

आता प्रश्न चालवण्याचा. बंदर प्राधिकरणाकडे गोदी आणि जमीन असते, पण जहाजदुरुस्ती हा त्याचा धंदा नसतो. म्हणून अनेक ठिकाणी प्राधिकरण जमीनदाराची भूमिका घेते आणि गोदी अनुभवी जहाजकारखान्याला चालवायला देते. मुंबई बंदराच्या इंदिरा डॉकमधली दुरुस्तीची सोय याच पद्धतीने कोचीन शिपयार्डकडे गेली. २०१८ साली करार झाला आणि २०१९ च्या जानेवारीत ‘कोचीन शिपयार्ड मुंबई जहाजदुरुस्ती केंद्र’ सुरू झाले. ह्यूजेस गोदीच्या भिंती १९१४ च्याच राहिल्या. नवा चालक आणतो ते अंदाजपत्रक, कंत्राटदारांची फळी, सुट्या भागांचा साठा आणि वेळेत जहाज सोडण्याचा हिशोब.

याच कंपनीने कोचीन बंदरात नव्याने काय केले ते ताडून पाहण्यासारखे आहे. विलिंग्डन बेटावर बंदराकडून भाड्याने घेतलेल्या ४२ एकर जागेत सुमारे ९७० कोटी रुपये खर्चून आंतरराष्ट्रीय जहाजदुरुस्ती केंद्र उभे राहिले. १७ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तिथे सहा हजार टन उचलणारे यंत्र, जमिनीवर सहा कामाच्या जागा आणि १३० मीटरपर्यंतच्या जहाजांची सोय आहे. जुनी गोदी हाती होती तिथे व्यवस्थापन बदलले आणि नवी जागा मिळाली तिथे एकाच्या उशिराने दुसरा अडकणार नाही अशी रचना निवडली. दोन्ही ठिकाणी वाचवायचे होते ते दिवसच.

कर आणि सीमाशुल्काचा परिणामही दिवसांत आणि दरांत दिसतो. २०२१ च्या जूनपासून जहाजांच्या देखभाल-दुरुस्तीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी भारतीय जहाजेही कर आणि वेळ या दोन कारणांनी कोलंबो, दुबई, बहारीन किंवा सिंगापूरला जात. ही बंदरे मुख्य समुद्रमार्गाला लागून आहेत. जहाजाला वाट वाकडी करावी लागत नाही आणि इंजिनाचा सुटा भाग विमानाने आला की लगेच गोदीत पोचतो. परदेशी जहाज मुंबईत यायचे असेल, तर आयात केलेला भाग सीमाशुल्काच्या खिडकीवर चार दिवस अडून चालत नाही.

बाहेरच्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसायला वेळ लागतो, पण सुरुवात झालेली आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी नौदलाचे ‘चार्ल्स ड्र्यू’ हे जहाज दुरुस्तीसाठी चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली येथे आले. माझगाव डॉक आणि कोचीन शिपयार्ड यांनीही पुढे अमेरिकी नौदलाशी दुरुस्तीचे करार केले. २०२५ च्या जूनमध्ये माझगाव डॉकने कोलंबो डॉकयार्डमधला मोठा हिस्सा घेण्याची घोषणा केली. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या बंदराला २०२४ साली मंजुरी मिळाली. या किनाऱ्यावरची जहाजांची ये-जा त्यामुळे वाढणार आहे. त्यांतली किती जहाजे दुरुस्तीसाठी इथेच थांबतील, हे गोदी आपला दिलेला शब्द किती पाळते यावर अवलंबून राहील.

गोदीच्या कामाची परीक्षा घेणारा आकडा साधा आहे. करारात लिहिलेले दिवस एका रकान्यात आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस दुसऱ्या रकान्यात लिहायचे. दोन रकान्यांतले अंतर ज्या गोदीत वर्षानुवर्षे कमी राहते, तिथे जहाजमालक अडीच-तीन वर्षांनी, पुढच्या पाहणीची तारीख जवळ आली की, न विचारता परत येतो.